केऑस थिअरी: माऊस-कीबोर्ड की कंट्रोलर?

स्प्लिंटर सेल केऑस थिअरी (२००५) हा लपतछपत खेळायचा गेम पीसीवर खेळणार असाल तर माझं मत सरळ माऊस-कीबोर्डला. कारण एकच, माऊसचं चाक. ते फिरवलं की सॅमचा, म्हणजे गेममधल्या आपल्या हिरोचा, चालायचा स्पीड कमी-जास्त होतो आणि तिथेच टिकतो, म्हणजे स्क्रीनवरच्या मीटरमध्ये सॅमचा आवाज आजूबाजूच्या आवाजाच्या खुणेखाली ठेवायचा आणि गार्डच्या मागे बिनधास्त सरकत राहायचं. कंट्रोलरवर तेच करायला स्टिक अर्धवटच ढकलून धरावी लागते, जरा जास्त गेली की गार्ड वळलाच समजा! अंधार करायला लांबचा बल्ब पिस्तुलाने फोडायलाही माऊसचाच नेम बरा. हां, सोफ्यावर रेलून निवांत खेळायचं असेल तर घ्या कंट्रोलर, कॅमेरा मस्त सावकाश फिरतो, फक्त अंगठा सांभाळा.