‘गेट’ की ‘रिसीव्ह’?

मुलाखतीच्या पत्राला उत्तर लिहिताना भाची अडली. “मामा, ‘आय गॉट युवर लेटर’ लिहू की ‘आय रिसीव्ह्ड’?”

आधी घराणं पाहू. ‘गेट’ व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’वरून आला. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण फक्त जोडशब्दांत, ‘फर्गेट’ त्यातलाच. ‘रिसीव्ह’ लॅटिन ‘रेसिपेरे’मधून, फ्रेंचमार्गे आला. त्याच क्रियापदाचं आज्ञार्थी रूप ‘रेसिपे’, म्हणजे ‘घे’. वैद्य औषधाची चिठ्ठी या शब्दाने सुरू करत. आपली ‘रेसिपी’ तिथलीच! मला हे फार आवडतं.

अर्थाच्या आवाक्यात ‘गेट’ला तोड नाही. ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणं, ‘गेट होम’ म्हणजे घरी पोचणं, ‘आय गेट इट’ म्हणजे समजलं, ‘गॉट माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले. ‘रिसीव्ह’ने यातलं एकही काम होत नाही. त्यात कुणीतरी दिलेलं आपल्याकडे येतं, एवढंच.

लिहायला ‘रिसीव्ह’ थोडा त्रासदायक. ‘सी’नंतर ‘ई’ आधी की ‘आय’, इथे हमखास चुकतं. ‘गेट’चं भूतकाळी रूप ‘गॉट’. अमेरिकेत ‘हॅव’सोबत बऱ्याचदा ‘गॉटन’ही.

वजनाचा फरक मराठी माणसाला सांगायला नको: ‘पत्र मिळालं’ आणि ‘पत्र प्राप्त झाले’.

म्हणून भाचीला सांगितलं, कंपनीला, बँकेला, सरकारी कचेरीला ‘रिसीव्ह्ड’. मैत्रिणीला, घरच्यांना आणि बोलताना बेलाशक ‘गॉट’.