हिटरचं धुराडं कुठेच जोडलेलं नव्हतं

जुन्या कॅरॅव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराचं, आतलं काम कुणाला करायला देत असाल, त्यातही हिटर बसवून घेत असाल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण हे लिहायला बसले ते पैशांसाठी नाही. त्या डब्यात माझी मुलगी झोपली होती.

आमचा ट्रेलर लहान, एका आसाचा. लाकडी सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, १९७०च्या दशकातली बनावट. सासऱ्यांनी मुंबईतल्या एका ओळखीच्याकडून घेतला आणि गुहागरला आणून घरामागच्या शेडमध्ये ठेवला. समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी यायची, खणांची दारं फुगून बसायची ती दसऱ्यापर्यंत उघडायची नाहीत. म्हणून दोन कामं काढली: सामानासाठी नवे कप्पे आणि एक हिटर.

कोकणात हिटर कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. थंडीत आम्ही दापोली, आंबोली, महाबळेश्वर असं फिरतो हे एक कारण, पण खरा त्रास ओलाव्याचा. डिझेलवर चालणारा एअर हिटर त्यावर चांगला उपाय आहे. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त तापलेली कोरडी हवा येते. कोटेशनमध्ये हेच लिहून घेतलं होतं.

काम घेणाऱ्याची महामार्गालगत शेड होती. बोलायला अतिशय नम्र, सासऱ्यांना ‘अण्णा’, मला ‘ताई’. माल आणायचा म्हणून मोठी रक्कम आधीच घेतली, तीही निम्मी दुसऱ्याच कुणाच्या तरी यूपीआय खात्यावर. पक्कं बिल शेवटी एकदम देतो म्हणाला. कप्प्यांसाठीच्या मरीन प्लायवरच्या (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवरच्या) आयएसआय शिक्क्याचा आणि त्याखालच्या ‘आयएस ७१०’ या तिच्या मानक क्रमांकाचा फोटो पाठवला. कड्या, बिजागऱ्या, पाण्याच्या टाकीचा पत्रा हे सगळं ३०४ प्रतीचं, सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील आहे हे दाखवायला आमच्यासमोर लोहचुंबक लावलं. ‘बघा अण्णा, चिकटत नाही.’ सासरे समाधानाने घरी आले. काम चालू असताना आम्ही येतो म्हटलं की कधी वीज नसायची, कधी कारागीर गावाला गेलेला असायचा. शेवटी बोलावलं तेव्हा सगळ्या पृष्ठभागावर सनमायका चढलेला होता. हिटर बाकाखाली, जाळीच्या पेटीत बंद. बाहेरून चकचकीत धुराडं, शेजारी डिझेलची छोटी टाकी, भिंतीवर आकडे दाखवणारा कंट्रोलर. त्याने दार उघडं ठेवूनच तो चालवून दाखवला. गरम हवा आली, आम्ही उरलेले पैसे दिले.

डिसेंबरात आंबोलीला गेलो. रात्री हिटर लावला. पहाटे मुलगी उठली ती डोकं धरून, आणि लगेच उलटी. माझंही डोकं जड झालं होतं. काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते, उशा ओल्या. दार उघडून बाहेर बसलो तेव्हा हळूहळू बरं वाटलं. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘नवीन रंगाचा वास असतो ताई, दोन-चार वेळा वापरला की जाईल.’

घरी आल्यावर वेलदूरला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना बोलावलं. पेटी उघडायच्या आधी त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. चालू असताना डिझेलच्या पंपाची टिकटिक येते का? आणि रात्रभरात डिझेल किती उतरलं? टिकटिक कधीच ऐकू आली नव्हती. टाकी जशीच्या तशी भरलेली होती. दोन किलोवॉटचा डिझेल हिटरही तासाला साधारण ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल घेतो. रात्रभर चालला तर टाकीत ते दिसलंच पाहिजे. काकांनी स्क्रू काढले. आत घरगुती गॅस हिटर होता, लाल तापणाऱ्या जाळीचा, पुढे एक बारा व्होल्टचा पंखा. स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीतून टी काढून गॅस तिकडे नेलेला. कंट्रोलर फक्त पंखा फिरवत होता. आणि ते धुराडं पत्र्याला आरपार भोक पाडून बाहेरून बसवलेलं. आतल्या बाजूला त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. ‘वहिनी, हे परत पेटवायचं नाही,’ एवढं बोलून काकांनी आधी सिलिंडर काढून अंगणात नेऊन ठेवला.

हिटर जळत होता त्याचा सगळा धूर आम्ही झोपलो होतो तिथेच राहत होता. बंद जागेत हवा पुरेशी नसली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो न जळता गळणाऱ्या गॅसचाच येतो. त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे ठीक आहे’ हे इथे अजिबात लागू पडत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. त्या रात्री मुलीला जाग आली नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

ओलाव्याचा उलगडाही तिथेच झाला. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धुराडं असलेल्या हिटरमध्ये ती वाफ बाहेर जाते. आमच्याकडे ती काचांवर आणि उशांवर साचत होती. ओल घालवायला पैसे मोजले आणि त्यानेच ओल वाढवली.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सगळ्यात संतापजनक वाटते. जुन्या ट्रेलरच्या जमिनीत गॅस खाली निघून जाण्यासाठी जाळीची भोकं होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून ती असतात. या माणसाने ‘धूळ येते’ म्हणून त्यांवर प्लाय ठोकली होती.

कप्प्यांचं पितळ पावसाळ्यात उघडं पडलं. जुलैत कडा फुगल्या, पापुद्रे सुटले. सनमायका उचकटून पाहिला तर आत साधी कमर्शियल प्लाय. शिक्क्याचा फोटो एका खऱ्या तक्त्याचा असणार, वापरलेला माल दुसराच. शिक्क्याजवळ सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक, असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण कापलेल्या प्रत्येक तक्त्यावरचा शिक्का सनमायका चढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उरलेला तुकडा मागून घ्या आणि घरी काही तास उकळा. मरीन प्लायचे थर सुटत नाहीत. लोहचुंबकाच्या परीक्षेवर तर विसंबूच नका. २०२ हे स्वस्त प्रतीचं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं. बॅटरीवर चालणारं थेंबाचं किट मिळतं. थेंब लाल झाला तर ते २०२. आमच्या बिजागऱ्यांवर तो लगेच लाल झाला. अगदी किनाऱ्यावर राहत असाल तर ३०४पेक्षाही कमी गंजणारं ३१६ स्टील मागा, महाग पडलं तरी.

कप्पे सगळे मागच्या टोकाला होते, पाण्याची टाकीही तिथेच. परशुराम घाटात ट्रेलर का हेलकावे खात होता ते वजन केल्यावर कळलं. गाडीला जोडणाऱ्या हूकवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के तरी भार हवा, आमचा त्याच्या जवळपासही नव्हता.

आता हिटर खरा आहे. पेटी उघडी ठेवूनच बसवून घेतला, धुराचा पाइप हिटरपासून बाहेरपर्यंत हाताने चाचपून पाहिला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेतला तो ईएन ५०२९१-२ मानकाचा, म्हणजे अशा वाहनांसाठी आणि होड्यांसाठी असलेला. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, जमिनीजवळ.

त्या माणसाने पैसे परत केले नाहीत, नंतर फोनही घेतला नाही. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, पेटी उघडतानाचे फोटो आणि प्लायचे तुकडे जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. आणि कुणाच्या गाडीत बाकाखाली बंद पेटीतला हिटर असेल, तर आज रात्री लावायच्या आधी ती पेटी उघडून बघा.