कॉस्टको: दर फसवत नाही, डबा फसवतो

अमेरिकेत कॉस्टको या मोठमोठ्या पाकिटांत माल विकणाऱ्या दुकानसाखळीतून एक सुई घ्यायची असली तरी आधी वर्गणी भरावी लागते. साधी गोल्ड स्टार मेंबरशिप वर्षाला ६५ डॉलर, एक्झिक्युटिव्ह १३० डॉलर. सप्टेंबर २०२४ पासूनचे हे दर. (सुई मिळणारच नाही, मिळाली तर शंभरांच्या पाकिटात.) गिऱ्हाइकाकडून दुकानात शिरण्याचेच पैसे घ्यायचे, हा प्रकार उफराटा वाटतो. पण या दुकानाची मेख त्या वर्गणीतच आहे. ती कळली की आत गेल्यावर काय उचलायचं आणि कशाकडे पाठ फिरवायची, हेही बरंचसं कळतं.

आधी त्यांचा हिशेब पाहू. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे २५० अब्ज डॉलर होती. मालावर सुटणारा ढोबळ नफा विक्रीच्या ११ टक्क्यांच्या किंचित खाली, तर पगार, वीज, जागा यांचा खर्च ९ टक्क्यांच्या किंचित वर. म्हणजे शंभर डॉलरचा माल विकून गल्ल्यात दोन डॉलरही उरत नाहीत. वर्गणी मात्र ४.८ अब्ज डॉलर जमली. त्या वर्षीचा व्यवसायातला नफा ९.३ अब्ज होता, त्याच्या निम्म्याहून मोठा आकडा एकट्या वर्गणीचा आहे. त्यामुळे त्यांना तुम्ही पुढच्या वर्षी कार्ड रिन्यू करायला हवे असता, आणि एका डब्यामागे तुमच्याकडून किती सुटतं ही बाब दुय्यम ठरते. अमेरिका आणि कॅनडात त्या वर्षी दर शंभरातल्या जवळपास ९३ मेंबरांनी रिन्यू केलं.

दर कमी राहतात ते याच कारणाने. ब्रँडेड मालावर खरेदी किमतीच्या वर जास्तीत जास्त १४ टक्के आणि स्वतःच्या कर्कलंड सिग्नेचर मालावर १५ टक्के, एवढीच चढती ते घेतात. पुरवठादाराने भाव कमी दिला तर तो फायदा गल्ल्यात न जाता पाटीवरच्या दरात उतरतो. भाव जमला नाही तर भल्याभल्यांचा माल बंद होतो. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कोका-कोलाच्या बाटल्या काही आठवडे कॉस्टकोच्या फळीवर नव्हत्या. अशी घासाघीस करायची ताकद येते ती मोजक्याच वस्तू ठेवल्यामुळे. मोठ्या सुपरसेंटरमध्ये लाखाच्या वर प्रकारच्या वस्तू असतात, इथे चार हजारांच्या आसपास. केचप घ्यायचा तर एक नाहीतर दोन प्रकार. निवड कमी, पण त्या एका प्रकाराची विक्री प्रचंड, त्यामुळे बऱ्याच मालाचे पैसे पुरवठादाराला देण्याची तारीख येण्याआधीच तो माल विकून झालेला असतो. मांडामांडीचा खर्चही नाही. ट्रकमधून आलेलं पॅलेट (लाकडी चौकटीवर रचलेला माल) फोर्कलिफ्टने आणून ठेवायचं आणि वरचं प्लास्टिक कापायचं. पिशव्या मिळत नाहीत, बिलिंगच्या जागी ठेवलेली रिकामी खोकी घ्यायची.

हे झालं दर कमी ठेवण्याचं तंत्र. पण नुसत्या स्वस्ताईने माणूस दर पंधरवड्याला पार्किंगसाठी घिरट्या घालत नाही. मागणी टिकवायचे कॉस्टकोचे डावपेच वेगळे आहेत, आणि जाहिरातींवर जवळपास खर्च न करता ते चालतात.

पहिला डाव म्हणजे नाहीशी होणारी वस्तू. चार हजारांपैकी साधारण चतुर्थांश माल फिरता असतो: तंबू, गालिचा, जाकीट, खेळणी, मध्येच एखादं महागडं घड्याळ. आज दिसला तो पुढच्या वेळी असेलच असं नाही. आत कुठे काय आहे हे सांगणाऱ्या पाट्या जवळपास नसतात, आणि काही वस्तूंच्या जागाही मुद्दाम बदलत राहतात. टीव्ही दाराजवळ, दूध, मांस, भाजलेली कोंबडी पार मागच्या भिंतीला. म्हणजे दूध आणायला निघालेल्या माणसाला जाताना आणि येताना सगळा बाजार डोळ्यांखालून घालावा लागतो.

इथे दराची पाटी वाचता येणं कामाला येतं. जुने ग्राहक दराचे शेवटचे दोन आकडे पाहतात. शेवटी ९९ म्हणजे नेहमीचा दर. ९७ म्हणजे माल संपवायला काढलेला, दर त्या वेअरहाऊसने (कॉस्टको आपल्या दुकानाला हेच म्हणतं) उतरवलेला. ०० किंवा ८८ असेल तर बहुधा एखाददुसरा उरलेला किंवा परत आलेला नग. घेण्याआधी खोकं उघडून सुटे भाग मोजून घ्यावेत. पाटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तारा छापलेला असला तर ती वस्तू पुन्हा मागवली जाणार नाही, निदान सध्या तरी नाही. तारा आणि ९७ एकत्र दिसले आणि ती वस्तू खरोखर लागणार असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. नुसता तारा असेल तर दर आणखी उतरू शकतो, पण तोवर माल संपूही शकतो. हा जुगार टूथपेस्टवर खेळायला हरकत नाही. मुलाच्या हिवाळी बुटांवर खेळू नये, कारण त्याच्या मापाचा जोड सगळ्यात आधी जातो.

दुसरा डाव मेंबरांसाठीच्या सवलतींचा. काही आठवडे एका ठरावीक यादीवर सूट असते आणि प्रत्येक मेंबरला किती नग मिळतील ते छापलेलं असतं. डिटर्जंट, कागदी रुमाल, व्हिटॅमिनच्या गोळ्या हे सवलतीत परत परत येणारे पाहुणे. त्यामुळे अशा वस्तू सूट नसताना घेणं म्हणजे उगाच जास्त देणं. घेऊन झाल्यावर सूट लागली तरी वाट बंद होत नाही: खरेदीपासून ३० दिवसांत दर उतरला तर मेंबरशिप काउंटरवर फरक परत मागता येतो. वेअरहाऊसमध्ये घेतलेली वस्तू आणि वेबसाइटवरचा दर यांची मात्र सांगड घालत नाहीत. वेबसाइटच्या दरात बहुधा घरपोच आणण्याचा खर्च मिसळलेला असतो, म्हणून तीच वस्तू तिथे महाग दिसते.

तिसरा डाव परतीचा, आणि तोच सगळ्यात मोलाचा. बहुतेक वस्तूंना परतीची मुदतच नाही. टीव्ही, कॉम्प्युटर, टॅब्लेट, कॅमेरा, फोन, मोठी घरगुती यंत्रं यांना ९० दिवस. टीव्ही, कॉम्प्युटर आणि मोठ्या यंत्रांची उत्पादकाची वॉरंटी एक वर्षाची असली तरी कॉस्टको ती दोन वर्षांपर्यंत नेतं. टीव्ही इथूनच घ्यावा असं सांगतात ते यासाठी, दरात फरक फार नसला तरी. उपकार म्हणून हे धोरण राबवत नाहीत. 'नको झालं तर परत देऊ' हे मनात पक्कं असलं की तीनशे डॉलरची वस्तू कार्टमध्ये टाकताना हात थबकत नाही, आणि टाकलेल्यांतल्या बहुतेक वस्तू परत जातच नाहीत. बिल हरवलं तरी खरेदीची नोंद मेंबरशिपच्या खात्यावर असते. ९० दिवसांवाल्या वस्तूंचं खोकं आणि केबल मात्र तेवढे दिवस जपून ठेवा.

फूड कोर्टमधला हॉट डॉग आणि सोडा १९८५ पासून दीड डॉलर, भाजलेली कोंबडी ४.९९ डॉलर. कोंबडीचा दर धरून ठेवता यावा म्हणून कंपनीने नेब्रास्कात फ्रीमाँटला स्वतःचा पोल्ट्री कारखाना उभा केला. शाकाहारी माणसाला दोन्हींचा उपयोग नाही, पण काम दोन्ही चोख करतात: 'इथे दर वाढत नाहीत' ही भावना त्या दोन आकड्यांवर उभी राहते आणि बाकी चार हजार वस्तूंना आपोआप लागू होते. तसं नसतं, बाकीचे दर वाढतात.

आता ग्राहकाच्या बाजूने. कॉस्टकोचा दर सहसा प्रामाणिक असतो. खड्डा आहे तो आकारात. समजा तिथलं पाकीट बाजारातल्या पाकिटाच्या दुप्पट आहे आणि किंमत दीडपट. वजनामागे २५ टक्के वाचले. पण त्यातला पाव भाग खराब होऊन फेकला की बचत शून्य, आणि तिसरा हिस्सा फेकला तर चक्क तोटा. पालेभाजी, स्ट्रॉबेरीसारखी फळं, मशरूम, दोनदोनच्या जोडीने येणारा ब्रेड, मोठ्या बाटलीतले सॉस इथे हेच होतं. दोघांच्या घरात तर हमखास. मसालेही मोठ्या बरणीत घेऊ नयेत. संपायच्या आत वास उडतो.

उलट जे टिकतं किंवा गोठवता येतं तिथे कॉस्टको खरंच वरचढ आहे. बदाम, अक्रोड, काजू, ऑलिव्ह तेल, कागदी माल, कपडे धुण्याची पावडर, फ्रोजन मटार. बासमतीची २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची गोणी जिथे मिळते तिथे देशी ग्रोसरीतला दर आधी पाहून घ्या, दर वेळी कॉस्टकोच जिंकतं असं नाही. डाळी, पोहे, कणीक यांसाठी देशी दुकानाला पर्याय नाहीच. कर्कलंडचं बिनमिठाचं लोणी मात्र मराठी घरांत तुपासाठी रुळलं आहे ते योग्यच. एका खोक्यात एकेका पौंडाचे चार डबे येतात, म्हणजे १.८ किलो. कढवताना पाणी आणि बेरी जाऊन पाच भागांचे साधारण चार भाग तूप उरतं, तेव्हा खोक्यामागे दीड किलोच्या जरा खाली धरायचं. सगळं एकदम कढवायची घाई नको, लोणी फ्रीझरमध्ये काही महिने सहज राहतं.

तुलना करताना पूर्ण किंमत पाहू नका. पाटीवर बारीक अक्षरांत औंसमागचा किंवा नगामागचा दर असतो, तो पाहायचा, आणि दुसऱ्या दुकानातला फोनमध्ये टिपून ठेवायचा. दहा-बारा नेहमीच्या वस्तूंची अशी यादी झाली की पुढे दर वेळी डोकं चालवावं लागत नाही. एकक जुळतंय ना तेही तपासा. कागदी मालात एक दुकान रोल मोजतं आणि दुसरं चौरस फूट.

कार्ड कुठलं घ्यावं? एक्झिक्युटिव्हवर पात्र खरेदीच्या २ टक्के रक्कम वर्षाकाठी परत मिळते, कमाल १,२५० डॉलर. जास्तीचे ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला साधारण २७१ डॉलरची खरेदी हवी. पेट्रोल आणि फूड कोर्ट यात धरत नाहीत. बरेच जण इथेच चुकतात: महिन्याचं बिल ३०० दिसतं, पण त्यातले ९० पेट्रोलचे असतात. चार माणसांच्या घरात हा आकडा सहज गाठला जातो, एकट्याच्या नाही. दोन टक्के मिळवण्यासाठी खरेदी वाढवणं हा तर शुद्ध वेडेपणा.

अमेरिकेतल्या वेअरहाऊसमध्ये क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं, मास्टरकार्ड नाही. डेबिट कार्ड आणि रोख चालते. एका वर्गणीत त्याच पत्त्यावरच्या आणखी एकाला दुसरं कार्ड फुकट मिळतं. दारात कार्ड स्कॅन होतं आणि त्यावर फोटो असतो, तेव्हा मित्राचं कार्ड घेऊन जाण्याचे दिवस गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांसाठी मात्र मेंबर असण्याची गरज नाही, दारात फार्मसीत जायचं आहे एवढं सांगितलं की पुरतं. इन्स्टाकार्ट या किराणा पोचवणाऱ्या अॅपवरून घरपोच मागवला तर तोच माल वेअरहाऊसपेक्षा चढ्या दराने पडतो, त्यामुळे वर्गणीचा अर्धा हेतूच बुडतो.

पेट्रोलसाठी कार्ड घेणाऱ्यांनी अंतर मोजावं. कॉस्टकोचा पंप घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवर असेल तर ठीक. गॅलनमागे २० सेंट वाचले तरी १५ गॅलनच्या टाकीवर तीन डॉलर होतात, आणि शनिवारी दुपारी त्या तीन डॉलरसाठी रांगेत वीस मिनिटं जातात.

गर्दी टाळायची तर मंगळवार ते गुरुवार, बंद व्हायच्या दीड-दोन तास आधी. सामान थोडं असेल तर दारातली अवजड कार्ट न घेता स्वतःची पिशवी न्या. ती कार्ट इतकी मोठी आहे की पाच वस्तू टाकल्या तरी रिकामी दिसते, आणि रिकामी दिसली की भरली जाते.

पहिलं वर्ष प्रयोग म्हणून घ्यायला जोखीम नाही, कारण समाधान झालं नाही तर वर्गणी पूर्ण परत मिळते. रिन्यू करताना एक ध्यानात ठेवा: मुदत संपल्यावर दोन महिन्यांच्या आत पैसे भरले तर नवं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजतात, म्हणजे मधले दिवस वाया. काही महिने गावाला जाणार असाल तर मुदत संपू द्या, दोन महिने उलटू द्या, आणि परत आल्यावर भरा.