आधी खर्च की आधी हप्ता? नैरोबीहून दोन निर्यात अनुदानांची तुलना

गेल्या महिन्यात दार-ए-सलामहून एका मित्राचा फोन आला. तो आणि त्याचा टांझानियन भागीदार टिंगाटिंगा या तिथल्या चित्रशैलीत रंगवलेले ट्रे आणि पेट्या करून विकतात. युरोपात माल न्यायचा आहे आणि दोन अनुदानांचे अर्ज समोर आहेत. एक म्हणतं, परदेशी प्रदर्शनात स्टॉल लावा, या, बिलं द्या, निम्मे पैसे परत देतो. दुसरं रकमेने लहान, पण हप्त्याहप्त्याने देणारं. "तू दोन्ही भोगली आहेस, सांग कोणतं घेऊ?" मी चाळीस मिनिटं बोललो आणि तरी नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आमचं दुकान छोटं आहे. माझी भागीदार नैरोबीजवळच्या माचाकोसकडची, कांबा समाजातली. तिच्या आईच्या आणि मावश्यांच्या गटांकडून सिसलच्या दोऱ्याच्या टोपल्या, म्हणजे कियोंडो, विणून येतात. नैरोबीत आम्ही त्यांना चामड्याचे पट्टे आणि अस्तर लावतो. डिझाइन तिचं, हिशेब आणि कागदपत्रं माझी. हिस्सा साठ-चाळीस, साठ तिचे. हे मुद्दाम सांगतो, कारण यातली बरीच अनुदानं बहुसंख्य मालकी स्थानिक माणसाकडे आहे का, हे आधी पाहतात. आपल्याकडचे काही लोक नावापुरता स्थानिक भागीदार दाखवतात. मुलाखतीला त्या भागीदाराला किमतीचा तक्ता समजावून सांगायला लावलं की पाच मिनिटांत उघडं पडतं. ती वाट धरू नका.

आधी परताव्याचं. हा प्रकार आफ्रिकेत सरकारी पातळीवर जुना आहे. दक्षिण आफ्रिकेच्या व्यापार खात्याची एमिया योजना आहे. ती प्रदर्शनाचं भाडं, विमान तिकीट, राहणं, नमुन्यांची वाहतूक या खर्चाचा काही भाग भरून देते. मॉरिशसमध्येही लघु उद्योगांना परदेशी प्रदर्शनांचा खर्च परत देणारी योजना आहे. तिथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी हस्तकलेत असेल तर त्यांनी ती जरूर बघावी. या योजना त्या त्या देशात नोंदलेल्या कंपन्यांसाठी असतात, त्यामुळे आम्हाला त्या नव्हत्या. आम्ही घेतली ती वेगळी. कोणाची ते सांगत नाही, माणसं भली होती.

परताव्याची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच चांगली आहे. अर्ज चार पानांचा. कोणतं प्रदर्शन, का, किती खर्च, मागच्या वर्षीची विक्री किती, एवढंच. टोपली निळी का, किती बायांचं आयुष्य बदललं, हवामानबदलावर तुमचा उपाय काय, असलं काही कोणी विचारत नाही. तुम्ही व्यापारी, आम्ही खर्चातले वाटेकरी, विषय संपला. आम्ही फ्रँकफर्टच्या अँबिएंटे प्रदर्शनाला गेलो, जानेवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात. नऊ चौरस मीटरचा कोपरा, शेजारी पोर्तुगालचा कुंभार. पाच दिवसांत जे शिकलो ते नैरोबीत पाच वर्षांत शिकलो नसतो. आमच्या टोपलीची किंमत जास्त नाही, आमचा पट्टा आखूड आहे, हे तिथे एका जर्मन बाईने टोपली खांद्याला अडकवून दाखवलं तेव्हा कळलं.

पण या सगळ्याचे पैसे आधी आम्ही भरले होते. इथे जरा थांबतो, कारण माझा निकाल इथेच लागला.

स्टॉल, दोन तिकिटं, हॉटेल, एकशेवीस किलो नमुने, असा खर्च डॉलरमध्ये साधारण 8,600 झाला. बहुतेक पैसे डिसेंबर-जानेवारीत गेले. केनियात त्या वेळी राहणाऱ्यांना आठवत असेल, डॉलर 160 शिलिंगांपर्यंत चढला होता. म्हणजे आमचे साडेतेरा लाख शिलिंग बाहेर. त्यातले चार लाख भागीदाराच्या चामातून उचलले. चामा म्हणजे आपली भिशी, फक्त शिस्त जास्त कडक. फेब्रुवारीत फाइल दिली. बोर्डिंग पासचे तुकडे, स्टॉलचे फोटो, बँकेचे उतारे, सगळं. मग हॉटेलच्या जर्मन बिलाचं प्रमाणित भाषांतर हवं झालं. मग माझ्या परतीच्या बोर्डिंग पासवर नाव पुसट होतं, म्हणून विमान कंपनीचं पत्र. पैसे ऑगस्टमध्ये आले.

तोवर शिलिंग सावरला होता. फेब्रुवारीत सरकारने नवे रोखे काढून जुन्या युरोबाँडचा, म्हणजे परदेशी बाजारातून डॉलरमध्ये घेतलेल्या कर्जाचा, मोठा भाग परत घेतला आणि एप्रिलपर्यंत डॉलर 130 च्या आसपास उतरला. देशासाठी आनंदाची गोष्ट. आम्हाला मात्र 4,300 डॉलरचा परतावा ऑगस्टमध्ये 129 च्या दराने मिळाला. जे जवळपास 6 लाख 80 हजार शिलिंग व्हायचे ते साडेपाच लाखांवर आले. सव्वा लाख हवेत गेले, कोणाचीही चूक नसताना. कागदावर निम्मा खर्च परत मिळाला, हातात पडले ते एक्केचाळीस टक्के.

तरी सव्वा लाखाचं दुःख मी गिळलं असतं. गिळवलं नाही ते दुसरंच. मार्चच्या मध्याला नेदरलँड्सच्या एका दुकानाकडून तीनशे टोपल्यांची ऑर्डर आली. ज्यासाठी गेलो होतो तेच झालं! आणि आमच्या हातात पैसा नव्हता. मध्यम आकाराची एक टोपली विणायला बाईला शेत आणि चूल सांभाळून आठ-दहा दिवस लागतात. टोपली हातात दिली की त्याच दिवशी एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यात, मजुरी आली पाहिजे, हा आमच्या गटांचा नियम आणि तो रास्त आहे. मार्चचा पाऊस सुरू झालेला, बाया पेरणीला लागलेल्या. मजुरी उधार म्हटल्यावर कोण विणणार? ज्या अनुदानाने बाजारपेठेच्या दारापर्यंत नेलं, त्यानेच खिसा रिकामा करून दारात उभं केलं. शेवटी दीडशे टोपल्यांचीच ऑर्डर घेतली. उरलेल्या दीडशेबद्दल त्या दुकानाने पुन्हा विचारलं नाही.

व्हिसाचंही सांगून ठेवतो. प्रवास झाला नाही तर परतावा नाही, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. आमच्या ओळखीच्या एका दागिने करणाऱ्या मुलीला शेंगेन व्हिसा नाकारला गेला. तिचं स्टॉलचं भाडं बुडालं ते बुडालंच. माझ्या भागीदाराचा व्हिसा निघायच्या चार दिवस आधी आला. ते चार दिवस मी रिकाम्या स्टॉलच्या भाड्याची आकडेमोड करत काढले.

आता हप्त्यांचं अनुदान. याला सरकारी नाही, सांस्कृतिक वास असतो. युरोपियन युनियन आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिक देशांच्या गटाचा 4 कोटी युरोंचा सांस्कृतिक कार्यक्रम होता, सहा विभागांत वाटलेला. पूर्व आफ्रिकेत तो इग्नाइट कल्चर या नावाने चालला आणि नैरोबीच्या हेवा फंड या संस्थेने ब्रिटिश कौन्सिलबरोबर सांभाळला. नायजेरियातल्या टोनी एलुमेलू फाउंडेशनचे 5,000 डॉलरही परत न करायचेच, मात्र ते कुठल्याही धंद्याला मिळतात, कलेलाच असं नाही. आम्हाला मिळालं ते तिसरंच, लहानसं. सह्या झाल्यावर चाळीस टक्के, मधल्या अहवालानंतर चाळीस, शेवटी वीस.

याचा त्रास कमी नाही. किंबहुना रोजचा त्रास परताव्यापेक्षा जास्तच. अर्ज एकतीस पानांचा. वेगळं बँक खातं. अंदाजपत्रकाच्या एका खान्यातले दहा हजार दुसऱ्या खान्यात हलवायचे तर पत्र. आणि तीन कोटेशनचा नियम! अस्तराच्या कापडाला तीन कोटेशन समजू शकतो, पण त्या विशिष्ट दुहेरी काठाची विण अख्ख्या माचाकोसमध्ये एकच गट करतो. बाकीची दोन कोटेशन कुठून आणू? भागीदाराने शांतपणे लिहून दिलं की दुसरा विणणारा गट तिच्या आजीचा होता आणि आजी आता नाही. ते मंजूर झालं. बिलांचंही तसंच. 2024 पासून केनियात ई-टिम्सचं, म्हणजे कर खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतलं, बिल नसलेला खर्च करासाठी खर्च धरत नाहीत. आठवडी बाजारात सिसल विकणाऱ्या बाईकडे ते कुठून येणार? एम-पेसाचे संदेश, अंगठ्याचे ठसे आणि एक तक्ता यावर भागलं, पण तीन आठवडे गेले.

शिवाय ही अनुदानं येतात आणि जातात. अर्ज मागवणारी खिडकी सहा आठवडे उघडी, मग दोन वर्षं शुकशुकाट. सरकारी परतावा वर्षभर तरी असतो. तुमचं प्रदर्शन ठरलेलं असेल आणि खिडकी बंद असेल तर माझ्या आवडीनिवडीचा तुम्हाला काही उपयोग नाही.

मग मन इकडे का झुकतं? एक तर पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी खात्यात आला. त्यातून पहिल्यांदा प्रयोगशाळेचे दाखले काढले. ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. टोपली युरोपात जाते, पण चामड्याचा पट्टा अडतो. चामड्यात 'क्रोमियम-6' हा घातक प्रकार दर किलोला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा आणि काही अझो (कृत्रिम) रंगांना बंदी आहे. फ्रँकफर्टला चौघांनी दाखला मागितला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. परताव्याच्या योजनेत स्टॉल बसत होता, तपासणी बसत नव्हती, कारण तो म्हणे प्रदर्शनाचा खर्च नाही. हप्त्यांच्या अंदाजपत्रकात आम्ही तो पहिल्या ओळीत घातला. आमच्या जुन्या चामडेवाल्याचा माल नापास झाला, तेही बरंच झालं.

दुसरं म्हणजे मजुरी. मजुरी त्या अनुदानात धरता येत होती. नेदरलँड्सच्या दुकानाकडून पुढच्या वर्षी दुसरी ऑर्डर आली तेव्हा गटांना त्याच संध्याकाळी पैसे गेले. केनिया आणि युरोपियन युनियनमधला व्यापार करार 1 जुलै 2024 पासून लागू असल्याने तिथल्या जकातीची चिंता नव्हतीच. शेवटचे वीस टक्के याही लोकांनी चार महिने लटकवले, पण वीसच टक्के अडकले होते. झोप उडाली नाही.

मित्राने कैरोच्या आफ्रेक्झिम बँकेच्या कॅनेक्सबद्दलही, म्हणजे कला आणि सर्जनशील उद्योगांसाठीच्या कार्यक्रमाबद्दल, विचारलं होतं. 2020 पासूनचा तो कार्यक्रम मोठा आहे, पण त्यातला मोठा पैसा कर्ज आणि गुंतवणुकीचा. चित्रपट आणि संगीतवाल्यांना तो शोभतो, ट्रेवाल्याला आणि टोपलीवाल्याला तूर्त नको. नेदरलँड्सची सीबीआय ही विकसनशील देशांच्या निर्यातदारांना मदत करणारी सरकारी संस्था रोख देत नाही, निर्यातीचं मार्गदर्शन देते. त्यांचे बाजार अहवाल फुकट वाचायला मिळतात, ते आजच वाचायला घ्या.

माझा अनुभव एका दुकानाचा आणि एका विचित्र वर्षाचा आहे, हे मान्य. शिलिंग उलट्या दिशेने गेला असता तर कदाचित मी परताव्याचं कौतुक करत बसलो असतो. तुमच्याकडे सहा महिने हात न लावता ठेवता येईल एवढा पैसा असेल, ऑर्डर आली तर माल तयार असेल आणि अहवाल लिहायचा कंटाळा असेल, तर परतावा स्वच्छ आहे. तुम्हाला कोणी आजीबद्दल विचारणार नाही.

मित्राकडे असा पैसा नाही, मला माहीत आहे. त्याच्या हप्त्यांच्या अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. मी त्याला आमचा जुना अंदाजपत्रकाचा तक्ता पाठवला आहे, तपासणीची ओळ पिवळी करून.