बी-४५ माउथपीसच्या नावाखाली १०,५८० रुपयांचं प्लास्टिक

क्लॅरिनेट नुकतंच हातात घेतलेल्यांनी आधी हे वाचा, मग खुशाल हसा मला.

माउथपीस (क्लॅरिनेटचं तोंडात धरून फुंकायचं टोक) ६,८००, रीडचा (त्यावर बांधायच्या पातळ पट्ट्यांचा) डबा २,४५०, कुरिअर १८० आणि वर "माल कस्टममध्ये अडकलाय" म्हणून १,१५०. एकूण १०,५८० रुपये, तेही पेन्शनीतले. घरी आकडा अजून अर्धाच सांगितलाय.

व्हॉट्सअ‍ॅपवर नवशिक्यांचा ग्रुप, त्यात एक 'सर', आणि सरांच्या ओळखीचा 'इम्पोर्टवाला'. पुढचं ठाऊकच आहे तुम्हाला. वाद्यासोबत मिळालेल्या यामाहा ४सी माउथपीसचा नुसता फोटो बघून सर म्हणाले, "काका, हे फेका. व्हॅन्डोरेन कंपनीचं बी-४५ घ्या, त्यावर साडेतीन नंबरचं रीड. मास्टर इब्राहिमसारखा सूर हवाय ना?" इब्राहिम म्हणजे जुन्या काळचे क्लॅरिनेटवादक, त्यांच्या तबकड्यांचं वेड मीच ग्रुपवर लिहिलं होतं. पठ्ठ्यानं बरोबर तिथेच बोट ठेवलं.

रीडचा डबा उघडला तेव्हाच कळायला हवं होतं. खऱ्या डब्यात दहा रीड आणि प्रत्येक वेगळ्या सीलबंद पुडीत. माझी दहाच्या दहा उघडी. रीड ओलं केलं तर त्यावरचा आकडा अंगठ्याला लागला, शाईसकट. तो काळा अंगठा मी बघितला, लेंग्याला पुसला आणि रीड तोंडात घातलं! पण मला सांगा, जन्मात पहिल्यांदा असला डबा उघडणाऱ्याला पुड्या कुठून माहीत असणार? तूरडाळीतली भेसळ मी दुकानाच्या पायरीवरून ओळखतो.

मग नुसती फुसफुस आणि मधूनच चीं. सर म्हणे, "काका, दम कमी पडतोय. वय झालं." मी प्राणायाम वाढवला!

यातली मेख नीट समजून घ्या. बी-४५चं तोंड मुळात बऱ्यापैकी उघडं, म्हणजे टोक आणि रीड यांतली फट मोठी. रीडचा नंबर जितका मोठा, तितकं ते कडक. नवशिक्यानं त्यावर दोन किंवा अडीच नंबरचं रीड लावावं. साडेतीन लावलं की अस्सल माउथपीससुद्धा त्याला दाद देत नाही. म्हणजे माल खोटा आहे की आपल्यालाच वाजवता येत नाही, हे कळायची सोयच नाही. साडेतीनचा आग्रह त्याचसाठी.

शेवटी लग्नाच्या बँडमधल्या एका वादकानं ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि आतून नख फिरवलं. "साहेब, ही साच्याची रेघ बघा. टोकाची कड बघा, इकडं जाड, तिकडं पातळ." अस्सल बी-४५ एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. ते जोरात चोळलं की गंधकासारखा वास येतो. हे चोळून माझं कोपर दुखलं, वास आला तो खेळण्यातल्या प्लास्टिकचा. मग त्यानं माझ्या त्याच 'फेका' म्हटलेल्या ४सीवर स्वतःचं अडीच नंबरचं रीड बांधलं आणि फुंकलं. स्वच्छ सूर.

चौकीत हवालदारानं विचारलं, "माउथपीस म्हणजे मोबाइलचं का?" समजावलं, तर "पिपाणीला दहा हजार?" मागचे दोघं हसले. साहेबांचं म्हणणं, माल मिळालाय ना, मग ही दिवाणी बाब. अहो, कस्टमच्या नावानं उकळलेले १,१५० कुठल्या मालाचे? चारशेवीसचं कलम आता न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं ज्ञान मिळालं, अर्ज काही घेतला नाही. उद्या या, मोठे साहेब नाहीत, स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, प्रिंट रंगीत हव्यात. बँकेत विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" समोरचं खातं कुणाचं हे सांगता येत नाही म्हणे, गोपनीयता! चोराची गोपनीयता जपायची आणि माझी अब्रू चव्हाट्यावर.

कस्टमचे पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर भरायचे नसतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. शंका आली की त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. माउथपीस दुकानात जाऊन, फुंकून, पक्क्या बिलावर घ्या, आणि सुरुवातीला ४सी पुरतं.

तो ग्रुप अजून चालू आहे. मला काढलंय, पण एका ओळखीच्यानं दाखवलं, डीपीवर आता सॅक्सोफोन झळकतोय.