उरणजवळचं एक सीएफएस (बंदरातले कंटेनर उघडून माल काढायचं यार्ड): काम फास्ट, पण एक गोष्ट लगेच सुधारा (३/५)
न्हावा शेवा बंदराचा माल काढायला गेले आठ महिने द्रोणागिरी साइडच्या एका सीएफएसमध्ये जातोय, नाव देत नाही. गेटचं काम ऑनलाइन झालंय त्यामुळे ट्रक रात्रभर इंजिन चालू ठेवून लाइनीत उभे नसतात, आणि तो डिझेलचा धूर खाणारा गेटवरचा वॉचमन असतो म्हणून मला हे फार मोठं वाटतं. रीफरला (थंड मालाच्या कंटेनरला) विजेचे प्लग पॉइंट भरपूर, जनसेट (डिझेल जनरेटर) लावावा लागत नाही. यार्डात पायी चालायची वाट वेगळी रंगवलीय, कोणी मध्ये आलं तर रीच स्टॅकरवाला (कंटेनर उचलायच्या मशीनचा ड्रायव्हर) सरळ मशीन थांबवतो, बघितलंय मी.

पण मागच्या महिन्यात लाकडी पॅलेटचा कंटेनर आला, दारावर मिथाइल ब्रोमाइडचा (लाकडातली कीड मारायला सोडतात त्या विषारी गॅसचा) स्टिकर ढळढळीत, तरी सील तोडल्या तोडल्या दोन पोरं आत शिरायला लागली, एकाच्या पायात तर साधी स्लिपर. अहो ह्या गॅसला वास जवळपास येतच नाही, फुफ्फुसं आणि मेंदू दोन्हीवर जातो, वर ओझोनची वाट लावतो ती वेगळीच. मी ओरडून थांबवलं. सुपरवायझर म्हणतो, "काय नाय होत शेठ, रोजचंच आहे." दारं उघडून हवा खेळू द्यायची, मीटरने गॅस मोजायचा, मगच माणूस आत, एवढंच आहे हो! मीटर होता, ऑफिसच्या कपाटात, पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही.

मॅनेजरला लेखी दिलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.