कोरियाची पहिली तिकिटे आणि माझे 31,750 रुपये

कोरियाच्या 1884 सालच्या पहिल्या टपाल तिकिटांचा, पाचही मूल्यांवर टपालाचा शिक्का असलेला संच कोणी तुम्हाला विकू पाहत असेल, तर त्या माणसाशी पुढे एक शब्दही बोलू नका. टपालातून गेलेला असा संच असूच शकत नाही, हे मला 31,750 रुपये हातचे गेल्यावर कळले. ही रक्कम जाहीरपणे लिहिताना लाज वाटते, पण ती झाकून ठेवली तर त्या विक्रेत्याचेच फावेल.

कोरियाच्या तिकिटांकडे मी वळलो तो आपल्याच तिकिटांमुळे. कोरियन युद्धातील युद्धविरामानंतर 1953 साली युद्धकैद्यांची जबाबदारी सांभाळण्यासाठी भारताने कोरियात जे दल पाठवले, त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते आणि त्या दलाच्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा देवनागरी मजकूर वरून छापला होता. ही काही तिकिटे मी याच विक्रेत्याकडून 640 रुपयांना घेतली आणि जाणकारांना दाखवली असता ती अस्सल ठरली. पहिला व्यवहार चोख करून विश्वास मिळवायचा आणि मग मोठा घास घ्यायचा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्याने अस्सल माल रास्त भावात दिला त्याच्यावर दुसऱ्या वेळी संशय का घ्यावा, हेही मला कोणी सांगावे.

पुढे त्याने 1884 चा संच दाखवला. पाच, दहा, पंचवीस, पन्नास आणि शंभर मुन (कोरियाचे त्या काळचे चलन) अशी पाच मूल्ये, प्रत्येकावर ठसठशीत काळा शिक्का, किंमत 18,500 रुपये. सोबत त्याने इतिहासही ऐकवला आणि तो इतिहास खरा होता. नोव्हेंबर 1884 मध्ये सोल येथे होंग योंग-सिक यांच्या प्रमुखत्वाखाली टपाल कार्यालय सुरू झाले, 4 डिसेंबरला त्याच्याच उद्घाटनाच्या मेजवानीच्या वेळी उठाव झाला, होंग मारले गेले आणि टपालसेवा जी बंद पडली ती 1895 पर्यंत सुरू झाली नाही. सेवा तीन आठवडेही चालली नाही, म्हणून वापरलेली तिकिटे दुर्मिळ, असे तो म्हणाला.

सगळी चीड येते ती इथेच. ही तिकिटे जपानमध्ये छापलेली होती. सेवा सुरू झाली तेव्हा त्यांतील फक्त पाच आणि दहा मुनांची तिकिटे पोहोचली होती. उरलेली तीन मूल्ये उशिरा आली आणि कधीही वापरात आली नाहीत. त्यांचे मोठे साठे नंतर संग्राहकांना विकले गेले, त्यामुळे ती कोरी तिकिटे आजही स्वस्तात मिळतात. जे तिकीट कोणत्याही पत्रावर चिकटलेच नाही, त्यावर टपालाचा शिक्का कुठून येणार? शंभर मुनांच्या तिकिटावरचा तो शिक्का माझ्या डोळ्यांसमोर होता, उठावाची हकीकत कानावर पडत होती आणि या दोहोंची सांगड घालायला लागणारी एवढीशी माहिती त्याने कटाक्षाने गाळली होती. नवशिक्याला तिकिटांची माहिती देणारा मोठा कॅटलॉग हाताशी नसतो, हे ओळखूनच अशी माणसे आपले गिऱ्हाईक निवडतात. कॅटलॉगमधील ते एक पान कोणाकडून तरी मागून घ्या आणि मगच पैसे काढा.

फसवणुकीतली दुसरी खरेदी 9,800 रुपयांची होती. ‘दक्षिण कोरिया, 1946, पहिली मालिका’ अशी चिठ्ठी लावलेली ती तिकिटे उत्तर कोरियाची निघाली आणि तीही मूळ नव्हेत, तर उत्तरेच्या टपाल खात्याने पुढे संग्राहकांसाठी काढलेली पुनर्मुद्रणे. 1946 साली दोन्ही बाजूंच्या तिकिटांवर ‘जोसॉन उप्यो’, म्हणजे ‘कोरियाचे टपाल तिकीट’, असा मजकूर असे. 1948 नंतर दक्षिणेच्या तिकिटांवर ‘देहान मिन्गुक’ हे नाव येऊ लागले आणि ‘जोसॉन’ उत्तरेकडे राहिले. रोमन अक्षरांतल्या नावाचा दर वेळी आधार मिळत नाही, त्यामुळे जुन्या तिकिटांच्या बाबतीत ही दोन नावे हांगुल लिपीत नजरेने ओळखता आलीच पाहिजेत. ती शिकायला एक संध्याकाळ पुरते. पुनर्मुद्रण मात्र केवळ मजकुरावरून ओळखता येत नाही; त्यासाठी कागद, छपाई आणि कडांची छिद्रे तपासणारा माणूसच हवा.

उरलेले 3,450 रुपये तिकिटे अस्सल असल्याच्या प्रमाणपत्राचे. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या त्या कागदावर तिकिटाचे छायाचित्र नव्हते आणि तपासणाऱ्याचे नाव वाचता येत नव्हते. विकणाऱ्यानेच आणून दिलेल्या प्रमाणपत्राला कवडीची किंमत नसते.

यानंतर जे अनुभवले त्याचा संताप फसवणुकीपेक्षाही मोठा आहे. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की माल हाती आला आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. बनावट शिक्का मारून खोटी वस्तू खरी म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधील फसवणूक नाही का, असे विचारल्यावर ‘जुन्या तिकिटांना एवढे पैसे देतेच कोण?’ असा उलट प्रश्न आला. जणू छंद जोपासणाऱ्याला तक्रारीचा अधिकारच नाही! बँकेने उत्तर दिले की यूपीआयचा पिन मी स्वतः टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत ठरतो. ज्या संकेतस्थळावरून ओळख झाली, त्यांनी व्यवहार आपल्या यंत्रणेबाहेर झाल्याचे कळवून प्रकरण मिटवले. त्या तिघांपैकी एकानेही तिकिटे हातात घेऊन पाहिली नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, संभाषणाची आणि पाकिटाची छायाचित्रे जपून ठेवा आणि तक्रारीची पोच लेखी मागा. ती मिळेपर्यंत जागचे उठू नका.

मला ती पोच शेवटी मिळाली, परंतु विक्रेत्याचा जबाब अजून घेतलेला नाही. दरम्यान त्याने दुसऱ्या नावाने ‘1897 चे, दे-हान असा लाल मजकूर वरून छापलेले’ एक तिकीट 12,000 रुपयांना विक्रीस ठेवले आहे. वरून छापलेला मजकूर ही तर बनावटगिरी करणाऱ्याची सर्वांत सोपी जागा, आणि त्या जाहिरातीत तिकिटाच्या मागील बाजूचे छायाचित्र दिलेले नाही.